शर्टाच्या हमीची दुर्बीण

दुकानातल्या मालाबद्दल खरं बोलू नये, असं विस्कॉन्सिन राज्याच्या कोणत्याही कायद्यात लिहिलेलं नाही. मी पाहून घेतलं आहे. तरीही ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारी मी काउंटरच्या काचेवर खरं बोलणारा एक कागद चिकटवला, आणि महिना संपायच्या आत माझ्या वडिलांच्या शर्टावर गावातल्या सतरा माणसांचा हक्क तयार झाला.

क्रमानं सांगतो.

टामरॅक फॉल्समधलं हार्डवेअरचं दुकान व्हर्नाचं. पुढच्या भागात खिळे, रंग आणि बर्फाची फावडी. मागच्या भागात शिकारीचं सामान, ते मी पाहतो. आदल्या वर्षी व्हर्नानं बंदुकीवर बसवायच्या बारा दुर्बिणी मागवल्या होत्या. बाराही विकल्या गेल्या आणि हंगामाच्या पहिल्या आठवड्यात सात परत आल्या. एकीतही दोष नव्हता. एकानं नेम चुकला म्हणून परत केली. एकानं हरीणच आलं नाही म्हणून परत केली. तिसऱ्याचं म्हणणं असं की यातून पाहिलं तरी त्याच्या मेव्हण्याचं रान मेव्हण्याचंच दिसतं.

या वर्षी नव्या जातीच्या अठरा दुर्बिणी आल्या. तीनपट ते अठरापट मोठं दाखवणाऱ्या. खोक्यावर सोनेरी अक्षरांत छापलं होतं, ‘अंतर संपलं!’

"ऑरिन," व्हर्ना म्हणाली, "या वेळी एकसुद्धा परत यायला नको. लोकांच्या अपेक्षा जरा ताब्यात ठेव."

ती हे जाता जाता म्हणाली असावी. पण जिल्ह्याच्या दैनिकात बावीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढण्यात गेल्यावर माणसाला कुठलीही सूचना जाता जाता घेता येत नाही. मी घरी जाऊन मसुदा केला. पहिल्या मसुद्यात अकरा मुद्दे होते. काचेवर जागा नसल्यानं चार उरले. ते असे होते: ही दुर्बीण हरीण जवळ आणत नाही, हरीण असतं तिथंच असतं. तुमचा हात थरथरत असेल, तर ही दुर्बीण ती थरथर अठरापट दाखवील. नेमबाजीच्या मैदानावर गोळ्या झाडून जुळवून घेतल्याशिवाय ही नुसती नळी आहे. जंगलात शिरताना आकडा तीनवर ठेवा, कारण अठरावर ठेवलात आणि हरीण जवळ आलं, तर तुम्हाला फक्त केस दिसतील.

चौथा मुद्दा मी अधोरेखित केला होता. हे पुढे लक्षात ठेवावं.

आठ दिवसांत एकही दुर्बीण विकली गेली नाही. कागद मात्र लोकप्रिय झाला. लोक बायकापोरांना घेऊन वाचायला येत. बेव्ह स्ट्रॉइकनं, जी शाळेची बस चालवते आणि गावातल्या निम्म्या पुरुषांपेक्षा चांगला नेम धरते, तो दोनदा वाचला आणि म्हणाली, "ऑरिन, तुझ्या लग्नाच्या आधी मार्लिसला असाच कागद दिला होतास का रे?"

व्हर्ना हसली नाही. "अपेक्षा ताब्यात ठेव म्हटलं होतं," ती म्हणाली. "पुरून टाक म्हटलं नव्हतं."

सल्ले यायला लागले. शेजारचा म्हणाला, कागदाला किनार काढ. चर्चमधल्या ऑर्गनवाल्या बाईंनी सुचवलं की शेवटी काहीतरी आशादायक लिहावं. मला सर्वांत जास्त सल्ले माझा मेव्हणा ड्यूई देतो. तो आमच्या पलीकडच्या गल्लीत राहतो, दाजी म्हणून मान देतो आणि त्या मानाची किंमत सल्ल्यांतून वसूल करतो. शुक्रवारी आम्ही सगळे नेहमीप्रमाणे गावातल्या खानावळीत तळलेला मासा खायला जमलो होतो. खोली भरलेली होती. ड्यूईनं कोबीच्या कोशिंबिरीची वाटी बाजूला सारली.

"दाजी, तुमचा कागद म्हणजे डॉक्टरनं ऑपरेशनच्या आधी सही घ्यावी तसा आहे. जबाबदारी सगळी पेशंटची. तुम्ही काय पणाला लावताय?"

"जे लिहिलंय ते खरं आहे."

"खरं आहे ना? मग लावा शर्ट!"

आमच्याकडे हरणावर ज्याचा नेम चुकतो, त्याच्या शर्टाचं मागचं टोक त्याच दिवशी कात्रीनं कापतात आणि नाव-साल लिहून शिकारीच्या केबिनच्या भिंतीवर ठोकतात. ड्यूईच्या केबिनची उत्तरेकडची भिंत अशा चिंध्यांनी भरलेली आहे. ड्यूईच्या एकट्याच्या अकरा आहेत. त्यांतल्या दोन एकाच दिवसाच्या आहेत आणि दुसऱ्या वेळी त्याला शर्ट उसना घ्यावा लागला होता. त्या भिंतीवर नसलेली नावं फक्त दोन. एक माझे वडील, चाळीस हंगाम. दुसरा मी, पंचेचाळीस. वडिलांचा लाल-काळ्या चौकटींचा लोकरीचा शर्ट मी दर हंगामात घालतो. तो मागून जरा आखूड आहे आणि कमरेला गार लागतं. पण वडील तो घालून एकदाही चुकले नाहीत, तेव्हा कमरेचं मी कधी कुणाला बोललो नाही.

हे सगळं खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मी ते ऐकवलेलं होतं.

"कागदातलं सगळं पाळूनही ज्याचा नेम चुकेल," मी म्हणालो, "त्यानं येऊन माझ्या शर्टाचं टोक कापावं."

"कुठल्या शर्टाचं? सेलमधल्याचं नाही हं."

"वडिलांच्या."

मी हे शांतपणे म्हणालो. मार्लिसनं काटा खाली ठेवला. तीही शांत होती, पण तिच्या शांतपणाची जात वेगळी. "पैजेला लावायच्या आधी मला विचारलंस? दर वर्षी हातानं धुतं कोण?"

शनिवारी सकाळी मी दुकानात गेलो तेव्हा माझ्या कागदाखाली व्हर्नानं जाड पेनानं लिहिलेला दुसरा कागद होता: ‘वरील सर्व पाळूनही नेम चुकल्यास ऑरिनचा शर्ट तुमचा!’ ‘शर्टाचं टोक’ आणि ‘शर्ट’ यांत फरक आहे हे मी तिच्या नजरेस आणून दिलं. ती म्हणाली, जागा नव्हती. उद्गारचिन्हाला होती.

सहा दिवसांत सतरा दुर्बिणी गेल्या. अठरावी मी घेतली, कारण ड्यूईनं सगळ्यांसमोर विचारलं की आचारी स्वतःचा रस्सा का खात नाही. बेव्हनं दुर्बीण घेताना माझ्याभोवती एक फेरी मारून मागून अंदाज घेतला. "लोकर चांगली आहे," ती म्हणाली. "मांजराला होईल."

मी घाबरलो नव्हतो. लोक सूचना पाळत नाहीत, हा माझा बावीस वर्षांचा अनुभव. त्या अनुभवावर विसंबून मी दाव्याचा अर्ज तयार केला. चौदा प्रश्न, दोन प्रती. दुर्बीण बंदुकीला धरणाऱ्या कड्या कोणी आवळल्या, कशानं आवळल्या, मैदानावर किती गोळ्या झाडल्या, साक्षीदार कोण. नववा प्रश्न: जंगलात शिरताना आकडा किती होता? निर्णय देणारा: ऑरिन वेस्टबी. ड्यूई म्हणाला, आरोपी आणि न्यायाधीश एकच हे बरं नाही. मी म्हणालो, गावात दुसरं कुणी काळजीपूर्वक वाचत नाही.

अडचण आली ती मैदानाची. तिसऱ्या मुद्द्यानुसार सगळ्यांनी दुर्बिणी मैदानावर जुळवणं आवश्यक होतं, आणि शिकार मंडळाच्या नियमानुसार एका दिवशी दहापेक्षा जास्त जण गोळ्या झाडणार असतील, तर परवानाधारक सुरक्षा अधिकारी हजर लागतो. गावात असे एकच गृहस्थ: आर्विड स्कार, वय एक्याऐंशी, माझ्या वडिलांचे शिकारीतले सोबती. त्यांचा परवाना नऊ वर्षांपूर्वी संपला होता. नवा मिळवायचा तर अधिकृत परीक्षकासमोर चाळीस प्रश्नांची परीक्षा द्यावी लागते. जिल्ह्यात अधिकृत परीक्षकही एकच होते. आर्विड स्कार. परीक्षकपदाला मुदत नव्हती. मंडळाच्या चिटणीसांनी वर पत्र पाठवून विचारलं. उत्तर आलं की अर्जदारानं परीक्षकाशी थेट संपर्क साधावा.

आर्विडनी साधला. एका गुरुवारी सकाळी मंडळाच्या खोलीत त्यांनी स्वतःला प्रश्नपत्रिका दिली, घड्याळ लावलं, दार लावून घेतलं. आम्ही बाहेर कॉफी पीत थांबलो. अकराला ते बाहेर आले.

"नापास."

"कोण?" ड्यूईनं विचारलं.

"मी. दोन चुकले. एकोणिसावा आणि तेहेतिसावा."

"अहो, आत कोण बघत होतं तुम्हाला?"

"मी बघत होतो की," ते म्हणाले.

फेरपरीक्षेला पंधरा दिवसांचं अंतर सक्तीचं होतं. दुसऱ्या खेपेला ते पास झाले. स्वतःचं अभिनंदन केलं की नाही ते कळलं नाही. पण मैदानाचा दिवस घसरत घसरत हंगामाच्या अगदी आधीच्या रविवारी येऊन पडला, आणि शेजारच्या चर्चची प्रार्थना संपेपर्यंत गोळी झाडायची नाही, म्हणजे तोही अर्धाच.

त्या अर्ध्या दिवसात मी सतरा दुर्बिणी जुळवून घेतल्या. प्रत्येकामागे उभा राहून कड्या तपासल्या, गोळ्या मोजल्या, नोंदी केल्या आणि निघताना प्रत्येकाला म्हणालो, "आकडा तीनवर." बेव्हला तीनदा म्हणालो. ती म्हणाली, "माझी आईसुद्धा इतक्यांदा स्वेटर घाल म्हणत नव्हती."

माझी पाळी शेवटी आली. सूर्य खाली गेला होता, बोटं गारठली होती, आर्विड घड्याळ दाखवत होते. मी तीन गोळ्या झाडल्या. लक्ष्यावरची भोकं नीट दिसावीत म्हणून आकडा अठरावर फिरवला. तिन्ही भोकं एका नाण्याखाली झाकली गेली असती. मी ती पुरेसा वेळ पाहिली, ड्यूईलाही पाहायला लावली आणि बंदूक पिशवीत घातली.

शनिवारी, हंगामाच्या पहिल्या दिवशी, उजाडायच्या आधी मी माझ्या मचाणावर होतो. अंगात वडिलांचा शर्ट, त्यावर भडक नारिंगी जाकीट, थर्मासमध्ये कॉफी. मनाला चिंता फक्त इतरांची. पाच-सात मैलांच्या परिसरात सतरा माणसं माझा कागद विसरत असणार, हे मला मचाणावर बसून जाणवत होतं. सात वाजून दहा मिनिटांनी पानं वाजली. मोठा नर. आठ टोकांची शिंगं. तीस पावलांवर. पंचेचाळीस हंगामांत इतका मोठा इतका जवळ आला नव्हता. मी सावकाश बंदूक उचलली आणि दुर्बिणीतून पाहिलं.

केस.

तपकिरी, दाट, जरासे धूसर केस. भोवती काहीच नाही. मला प्रथम वाटलं की काचेला काही चिकटलंय. बंदूक डावीकडे नेली, केस. उजवीकडे नेली, केस, मग झाडाची साल, मग पुन्हा केस. डोकं वर करून नुसत्या डोळ्यांनी पाहावं तर हरीण तिथंच उभं, माझ्याकडे बघतंय. दुर्बिणीत डोकं घालावं तर घोंगडी. कुठले केस खांद्याचे आणि कुठले पोटाचे, हे फक्त हरीणच सांगू शकलं असतं. अशा वेळी झाडू नये. मी झाडली. मागच्या पाइनची एक फांदी पडली. हरणानं शेपटी उभारली आणि ते निघून गेलं. घाईतसुद्धा नव्हतं.

मग मी आकडा पाहिला.

दुपारी केबिनवर ड्यूई सॉसेज परतत होता. त्याचं मचाण माझ्यापासून चारशे पावलांवर.

"दाजी, सात-दहाला एक बार ऐकला. तुमच्या बाजूनं. तुम्ही होता?"

"जंगलात आवाज फिरतो," मी म्हणालो.

हे वाक्य खरं आहे. कुठल्याही वर्तमानपत्रात छापता येईल. आर्विड चुलीशेजारी बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मोहरीची बाटली ड्यूईकडे सरकवली. मी नारिंगी जाकीट त्या दिवशी जेवतानाही काढलं नाही. थंडी वाजतेय म्हणालो. कमरेला वाजतच होती.

सोमवारी दुकान उघडलं तेव्हा चार दावेदार रांगेत होते. प्रत्येकाच्या हातात कात्री. बघ्यांची संख्या जास्त होती. व्हर्नानं डोनट ठेवले होते. मी वडिलांचा शर्ट घालून काउंटरमागे उभा होतो, कारण तशी अट होती. आर्विड बोल्टांच्या खोक्यावर बसले होते. सुरक्षा अधिकारी म्हणून आलोय म्हणाले, कात्र्या आहेत.

पहिल्यानं मैदानावर जुळवलेली दुर्बीण घरी जाऊन काढली होती, भावाला दाखवायला, आणि स्वयंपाकघरातल्या सुरीनं परत आवळली होती. नामंजूर. दुसऱ्यानं हातमोज्यातून चाप ओढला होता आणि त्याचंच म्हणणं होतं की त्याला चाप लागतोय हे कळलं नाही. नामंजूर. तिसऱ्याचं हरीण शेजाऱ्यानं अंगणात मांडलेलं प्लास्टिकचं निघालं. त्यात नेम लागला होता, सबब दावाच बसत नव्हता. लोक टाळ्या वाजवत होते. ड्यूई म्हणाला, "दाजी, तुम्ही न्यायाधीश व्हायला हवं होतं." माझा आवाज, मान्य करतो, जरा चढला होता.

चौथी बेव्ह. तिनं अर्ज व्यवस्थित भरला होता, दोन्ही प्रती. मी नवव्या प्रश्नावर आलो.

"आकडा?"

"अठरा," बेव्ह म्हणाली. "विसरले. समोर मोठा नर आणि मला दिसतंय काय, तर केस! नुसते केस! वाटलं, आपल्याच टोपीची फर पुढे आली."

लोक हसले. ती स्वतः सगळ्यांत मोठ्यानं हसली. "चूक माझीच. कागदात लिहिलं होतं, खाली रेघ मारून. माझं टोक केबिनवर कापूनपण झालं. मी फक्त शिक्का घ्यायला आलेय. मार नामंजूर." मग कात्री पर्समध्ये टाकता टाकता तिनं सहज विचारलं, "तुला नाही ना असं झालं कधी?"

शिक्का माझ्या हातात होता. ‘कधी’ या शब्दावर एखादं खरं, फिरतं वाक्य करता आलं असतं. माझ्याकडे दोन तयार होती. माझी नजर बोल्टांच्या खोक्याकडे गेली. आर्विड माझ्याकडे बघत नव्हते. ते त्यांच्या बुटांच्या नाड्या बघत होते, आणि मला तो गुरुवार, ती बंद खोली आणि तेहेतिसावा प्रश्न आठवला.

मी एक कोरा अर्ज घेतला. नाव: ऑरिन वेस्टबी. कड्या: स्वतः, योग्य पान्यानं. गोळ्या: तीन. नववा प्रश्न: अठरा. मी तो वाचून दाखवला, कारण प्रक्रिया तशीच होती. डोनट खाणं थांबलं.

"सात-दहा!" ड्यूई ओरडला. "मी म्हटलं नव्हतं? आवाज फिरतो म्हणे!"

"निर्णय काय?" व्हर्नानं विचारलं.

"नामंजूर," मी म्हणालो. "कागदात स्पष्ट सूचना होती. दुर्बिणीत दोष नाही. सबब दुकानाच्या हमीखाली शर्टाचं टोक कापता येणार नाही."

"बरं. आणि केबिनच्या नियमाखाली?" ड्यूईनं विचारलं.

"ज्याचा नेम चुकला, त्याचा शर्ट."

मी काउंटरबाहेर येऊन पाठ केली. कात्री कुणी धरायची यावर थोडा वाद झाला. मग आर्विड खोक्यावरून उठले आणि वाद थांबला. त्यांनी शर्टाचं मागचं टोक बाहेर ओढलं, बोटांत धरलं आणि थांबले.

"कापा ना," मी म्हणालो. ते लवकर उरकावं असं मला वाटत होतं.

"कुठून कापू ते बघतोय, पोरा. इथून मी एकदा कापलंय."

मी वळलो. त्यांनी शर्टाची कड उलटी करून मला दाखवली. पुढच्या बाजूला कंपनीची दुहेरी शिवण होती. मागे हाताची. बारीक, एकसारखे, तिरपे टाके. ते टाके मी ओळखले. माझ्या शाळेच्या प्रत्येक पँटीला आईनं तेच घातले होते.

"एकोणीसशे चौऱ्याहत्तर," आर्विड म्हणाले. "तुला गालफुगी झाली होती, तू घरी होतास. आम्ही दोघंच होतो. वीस पावलांवर हरीण आणि तुझा बाप साफ चुकला. नियम तो नियम, मी कापलं. भिंतीवर लावू नको म्हणाला, तेवढं ऐकलं. तुकडा माझ्याकडे आहे, कॉफीच्या डब्यात."

मी मार्लिसकडे पाहिलं. ती डोनटपाशी उभी होती.

"मला वाटलं तुला माहीत आहे," ती म्हणाली. "सत्तावीस वर्षं धुतेय. मागची शिवण वेगळी आहे हे आंधळ्यालाही हाताला लागेल."

"मला का नाही सांगितलं?" मी आर्विडना विचारलं. "वडिलांनी का नाही सांगितलं?"

"म्हणाला, पोराला कळू देऊ नको. तो सगळं लिहून ठेवतो."

मग त्यांनी जुन्या शिवणीच्या बरोबर वर, सरळ रेषेत कापलं.

दोन्ही तुकडे रविवारी ड्यूईच्या केबिनच्या उत्तरेकडच्या भिंतीवर लागले. ड्यूईनं सालं लिहिली. त्यातलं एक चुकलं होतं, ते मी दुरुस्त केलं. शर्ट आता मागून इतका आखूड आहे की मार्लिसनं त्याला जुन्या पडद्याचा पट्टा लावला. कमरेला प्रथमच गार लागत नाही. दुर्बीण एकही परत आली नाही. व्हर्नानं पुढच्या वर्षासाठी चाळीस मागवल्या आहेत आणि कागद बदलायचा नाही असं बजावलं आहे. फक्त चौथ्या मुद्द्यासमोर तिनं जाड पेनानं कंसात ‘विक्रेत्याचा स्वानुभव’ असं घातलं. त्याला जागा होती.

वडिलांचा अंदाज बरोबर होता. मी लिहून ठेवलं.